रविवार विकणे आहे
(बंगळुरूत डर्ट बाइकचं दुकान काढू पाहणाऱ्या होतकरू मराठी माणसासाठी मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

तुम्ही पुण्याचे, कोल्हापूरचे किंवा बेळगावचे असाल. बरीच वर्षं झाली, व्हाइटफील्डच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करताय. पगार बरा आहे, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, कन्नड 'स्वल्प स्वल्प' येतं आणि मागच्या दिवाळीपासून डोक्यात एकच विचार घोळतोय : नोकरीला रामराम ठोकायचा आणि डर्ट बाइकचं दुकान टाकायचं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तसं असेल तर पुढे वाचा. सांगितलं असेल आणि ती लगेच 'हो' म्हणाली असेल, तर आधी तिला या धंद्यातला नफा नीट समजावून सांगा आणि मग पुढे वाचा.

बंगळुरूत मराठी माणसानं व्यवहार करण्याची परंपरा जुनी आहे. शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पुढे तंजावरात बसून हे लांबचं ठाणं राखणं व्यंकोजीराजांना परवडेना, तेव्हा त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारांशी तीन लाखांचा सौदा ठरवला, असं इतिहासकार सांगतात. तो पुरा होण्याआधीच, १६८७ साली, मोगली फौज शहरात शिरली आणि म्हैसूरकरांना ते शेवटी मोगलांकडून घ्यावं लागलं. तात्पर्य, या गावात सौदा ठरला म्हणजे माल हाती आला असं समजू नये. सुट्या भागांची ऑर्डर द्यायला लागलात की याचा प्रत्यय दर आठवड्याला येईल.

पायरी १ : गिऱ्हाईक ओळखा

तुमच्या दुकानात तीन प्रकारची माणसं येतील.

पहिला प्रकार सोवळ्यातला. याच्याकडे कावासाकीची केएक्स २५० किंवा सुझुकीची आरएम-झेड असते. तिला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, नंबरप्लेट लावायला जागासुद्धा नाही. वजन जेमतेम एकशे दहा किलोच्या आसपास. तिची आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणून रस्त्यावर चाक टेकवायची सोय नाही. ती दुकानात येते ती 'छोटा हत्ती' टेम्पोत उभी राहून, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळून. हा माणूस सांगतो ते ऐका. बहुतेक वेळा त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरा प्रकार संसारी. आठवडाभर ऑफिस, रविवारी माती, आणि दोन्हीला गाडी एकच. हीरोनं २०११ साली इम्पल्स काढली तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. आता तेच लोक 'काय गाडी होती!' म्हणत हळहळतात. २०१९ साली एक्सपल्स २०० आली : पुढे २१ इंची चाक, मागे १८, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. मध्यमवर्गीय माणसाला पहिल्यांदा बँकेत न जाता चिखलात जाता येऊ लागलं. याच प्रकारात हिमालयनवाले येतात. नव्या ४५०चं वजन १९६ किलो आहे. ती आडवी झाली की उचलायला दोघं लागतात, म्हणून हिमालयनवाले एकटे हिंडत नाहीत. तुमची चूल या दुसऱ्या प्रकारावर पेटणार आहे.

तिसऱ्या प्रकारच्या माणसाकडे गाडीच नसते. कधी काळी आरएक्स १०० होती, ती विकली; पुढची 'बघतोय'. तो दर शनिवारी येतो, डकार रॅलीवर बोलतो आणि काही न घेता जातो. त्याला हाकलू नका. कारण पायरी ९ मध्ये आहे.

हा धंदा बंगळुरूतच का, असं सासरे विचारतील. त्यांना सांगा, डकार रॅली पुरी करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष इथलाच. २०१५ साली अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि चिली तुडवून तो छत्तिसावा आला. त्यानंच कोलारजवळ बिगरॉक हे मातीतलं शिक्षण देणारं मैदान उभं केलं. कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद पडली. आता लोक पैसे भरून तिथल्या मातीत लोळायला जातात. सीमेपलीकडे होसूरला टीव्हीएसचा कारखाना आणि रेसिंगचा संघ आहे. २०२४ साली सुपरक्रॉसची जी लीग सुरू झाली ती पुण्यात, आणि अहमदाबाद करून ती आली बंगळुरूला. सासरे यानंतरही 'पण म्हणजे करणार काय?' असंच विचारतील. त्याचं उत्तर पुढे आहे.

पायरी २ : जागा बघा

सुटे भाग म्हटलं की बंगळुरूकर जे. सी. रोडकडे बोट दाखवतो. तिथे ट्रकच्या बेअरिंगपासून कारच्या आरशापर्यंत सगळं मिळतं. म्हणूनच तिथे दुकान काढू नका. गिऱ्हाईक तुमच्याकडे येता येता वाटेतल्या चाळीस दुकानांत भाव विचारून येईल.

जागा शहरातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर हवी. के. आर. पुरम ओलांडून होसकोटेकडे जाणारा रस्ता उत्तम, कारण पहाटे कोलारकडे निघालेली मंडळी तिथूनच जातात. दुकानासमोर छोटा हत्ती उभा राहिला पाहिजे आणि त्याची फळी टेकवून गाडी उतरवता आली पाहिजे. दुकान आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये सिल्क बोर्डाचा चौक येत असेल, तर ते गिऱ्हाईक तुमचं नाही असं समजून चाला.

आतल्या सजावटीवर खर्च करू नका. काचेचं दार, पांढरी फरशी, मंद संगीत असलं काही दिसलं की चिखलाचे बूट घातलेला माणूस उंबऱ्यावरच घुटमळतो. फरशी अशी हवी की तिच्यावर ऑइल सांडलं तर कोणाला वाईट वाटू नये.

पायरी ३ : माल भरा

नवशिका दुकानदार दिसेल तो माल भरतो. चोचीची हेल्मेटं, निऑन रंगाच्या जर्सी, अ‍ॅनोडाइज केलेली निळी झाकणं. सहा महिन्यांनी ती झाकणं त्याच्याकडे बघत असतात आणि तो त्यांच्याकडे.

नियम सोपा आहे. जे चमकतं ते कमी भरा, जे मोडतं ते भरपूर भरा. गाडी पडली की काय मोडतं? क्लचचा लिव्हर, पुढच्या ब्रेकचा लिव्हर, गिअरचा लिव्हर, या क्रमानं. मग केबल, चेनची जोडकडी, प्लग, आरे, फूटपेगची पिन. या सगळ्या वस्तू मिळून एका खोक्यात मावतात आणि एकीचाही फोटो कोणी काढत नाही. पण दुकानाचं नाव होतं ते या खोक्यावर.

आणि २१ इंची ट्यूब. हिच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहिणं भाग आहे. नंदी हिल्सच्या पलीकडे, कुठल्या तरी केरेच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर पंक्चर झालं, तर गावातला पंक्चरवाला सतराची ट्यूब देईल, अठराची देईल, आग्रह केलात तर ट्रॅक्टरचीही दाखवेल. एकविसाची त्याच्याकडे नसते. म्हणून गिऱ्हाइकाला सांगा, सोबत एकच ट्यूब न्यायची असेल तर एकविसाची ने. अडीअडचणीला ती मागच्या अठराच्या चाकातही घड्या घालून बसवून घरापर्यंत येता येतं. मागची मात्र पुढे चालत नाही. हे फुकट सांगा. तो ट्यूब तुमच्याकडूनच घेईल, आणि टायर काढायचे दोन लोखंडी चमचेही.

बटण टायर दोन-तीन मापांचे ठेवा. ते देताना हवेचंही सांगा. मातीत पंधरा ते अठरा पीएसआय ठेवली तर टायर जमीन धरतो, पण एवढ्या हवेत दगडावर जोरात आपटला तर रिममध्ये चिमटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. कोलारकडे दगड भरपूर आहेत. यावरून तुम्ही ट्यूब किती मागवायच्या ते ठरवा.

पायरी ४ : वेळापत्रक लावा

इथे बहुतेक होतकरू दुकानदार आपटतात. ते पाटी लावतात : 'सकाळी १० ते रात्री ८, रविवार बंद.'

आता शनिवारची रात्र डोळ्यांसमोर आणा. आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंय. एवढ्यात त्या अर्ध्या शटरखालून एक हेल्मेट आत येतं, मग माणूस. त्याच्या मुठीत क्लचच्या लिव्हरचे दोन तुकडे आहेत. संध्याकाळी पार्किंगमध्येच गाडी स्टँडवरून घसरली. उद्या पहाटे साडेपाचला सगळ्यांनी होसकोटेच्या टोलनाक्यावर भेटायचं ठरलंय. सहा आठवड्यांपूर्वी बायकोकडून या रविवारची परवानगी काढलेली आहे. पुढच्या रविवारी मेहुण्याकडे बारसं. तो म्हणत काहीच नाही, फक्त ते दोन तुकडे काउंटरवर ठेवतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो.

खोक्यात लिव्हर असेल तर तुम्ही देव आहात. नसेल तर तुमच्या दुकानात इटलीचे बूट असले काय आणि नसले काय.

गिऱ्हाईक तुमच्याकडून लिव्हर घेत नाही, रविवार घेतो. लिव्हर त्याला बुधवारीही मिळेल आणि स्वस्तही मिळेल, पण बुधवारी त्याचं त्याला काय करायचंय? सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. ते त्यांना पटणार नाही, पण उत्तर हेच आहे.

म्हणून शनिवारी दहापर्यंत दुकान उघडं ठेवा, रविवारी पहाटे पाचला शटर वर करा आणि साप्ताहिक सुट्टी मंगळवारी घ्या.

पायरी ५ : 'नाळे' हा शब्द जपून वापरा

नव्वदच्या दशकात बंगळुरूत एक भूत रात्री दारं वाजवत फिरतं अशी वदंता होती. लोकांनी घरांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवलं. भूत ते वाचायचं, निमूट परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भुताचं काय झालं कळत नाही. पद्धत मात्र शहरातल्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनी उचलली. 'पार्ट आला का?' 'नाळे बन्नी, सार.' अनेकवचनी आदर देऊन गिऱ्हाइकाला भुताच्या रांगेत उभं करायची ही कला आहे.

तुम्ही ती शिकू नका. गिऱ्हाईक उशीर सहन करतो. टोलवाटोलवी सहन करत नाही. पुण्याहून पार्सल बसनं यायचं असेल तर तसं सांगा. जपानहून यायचं असेल तर 'दीड महिना धरा, दोन लागले तर शिव्या द्या' असं सांगा. तारीख कळली की तो त्या हिशेबानं मित्राची गाडी मागतो, सहल पुढे ढकलतो, बारशाला जाऊन येतो. 'नाळे' म्हणालात तर तो रोज फोन करतो, तुम्ही रोज नवी थाप शोधता, आणि शेवटी पार्ट येतो तेव्हा दोघांनाही आनंद होत नाही.

पायरी ६ : भावाचा प्रश्न सोडवा (सुटत नाही)

एक तरुण येईल. पाच हेल्मेटं डोक्यात घालून बघेल. कुठलं गालांना दाबतं, कुठलं कपाळाला, तुम्ही समजावून सांगाल. मध्यम माप बसतं असं ठरेल. मग तो आतल्या लेबलचा फोटो काढेल, 'घरी विचारून येतो' म्हणेल आणि तेच हेल्मेट चारशे रुपयांनी स्वस्त ऑनलाइन मागवेल.

चरफडू नका. तो तीन आठवड्यांनी परत येणार आहे, कारण चोचीचा स्क्रू ढिला झालेला असेल. स्क्रू लावून द्या, मजुरी घ्या, आणि हेल्मेटचा विषय काढू नका. तो स्वतःच काढेल, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हेल्मेटवरचा आयएसआयचा शिक्का मात्र प्रत्येकाला दाखवून द्या. १ जून २०२१ पासून तो नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. 'फॉरेनचं आहे' हे ट्रॅफिक पोलिसाला सांगायचं कारण होत नाही. बेळगावकर गिऱ्हाईक आला तर त्याला सांगा की वेगाची हेल्मेटं त्याच्याच गावात बनतात. त्याला ते माहीत असतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की तो पाच मिनिटं जास्त थांबतो.

पायरी ७ : मिस्त्री नेमा आणि आतला पडदा काढा

चांगला मिस्त्री शिवाजीनगरात मिळेल. तो दख्खनीत बोलेल, तुम्ही मराठीत बोला; तो 'नक्को' म्हणाला की तुम्हाला लगेच कळेल आणि अर्धी कामं तिथेच मार्गी लागतील. त्याच्या हातात टॉर्कचा पाना द्या. ऑइलच्या बोल्टचे आटे गेले की गिऱ्हाईक आयुष्यभर विसरत नाही, आणि आटे ताकद लावूनच जातात.

गॅरेजच्या तोंडावर 'आत येऊ नये' अशी पाटी असते. ती काढा, तिथे एक स्टूल ठेवा. डर्ट बाइकवाल्याला आपल्या गाडीचं काम बघायचं असतं. काढलेला पार्ट त्याच्या हातात द्या. झिजलेल्या क्लच प्लेटवरून एकदा अंगठा फिरवला की तो बिलाकडे बघत नाही. नुसतं 'प्लेट गेल्या' म्हणालात तर तो रात्रभर बिल वाचतो.

एअर फिल्टर त्याच्यासमोर साफ करा. बंगळुरूची लाल धूळ मैद्यापेक्षा बारीक. ती फोममध्ये बसली की इंजिनचा श्वास कोंडतो, आणि फोममधून आत गेली की पिस्टनच्या रिंग खाते. बरेच जण फोम पेट्रोलमध्ये बुचकळतात. त्यानं फोमचे सांधे सुटतात, शिवाय शेजारी कोणी विडी ओढत असेल तर दुकानही सुटतं. रॉकेल किंवा फिल्टरचं क्लीनर घ्यायचं, मग साबणाचं पाणी, आणि फोम तळहातांत नुसता दाबायचा. कपड्यासारखा पिळला की फाटतो. सावलीत वाळवायचा. वाळल्यावर फिल्टरचं चिकट ऑइल बोटांनी असं मुरवायचं की रंग सगळीकडे एकसारखा दिसेल; कुठेही पांढुरका डाग राहिला तर धूळ तिथूनच शिरणार. गिऱ्हाइकाला हे एकदा स्वतःच्या हातांनी करू द्या. पुढच्या वेळी तो घरी करेल आणि तुमची मजुरी बुडेल. पण ऑइलची बाटली तुमच्याकडूनच नेईल, आणि त्याचं इंजिन वाचल्यामुळे तो या छंदात टिकेल. तो टिकला तरच तुम्ही टिकाल.

शुद्ध डर्ट बाइकचा हिशेब किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. म्हणून हँडलवर तास मोजणारं छोटं मीटर लावून द्या. लिव्हरचा क्लॅम्प बसवताना पूर्ण आवळू नका. हातानं जोर लावला तर जागेवर फिरेल इतकाच ठेवा. मग गाडी पडली तर लिव्हर मोडायच्या ऐवजी फिरतो. यानं पायरी ३ मधला तुमचा खप कमी होईल, हे खरं आहे. तरी करा.

सस्पेन्शन लावताना वजन विचारावं लागतं. गिऱ्हाईक इथे हमखास कॉलेजातलं वजन सांगतो. वाद घालू नका, कोपऱ्यात वजनकाटा ठेवा आणि बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी सगळं चढवून त्याला त्यावर उभं करा. मोठ्या मोटोक्रॉस गाडीवर असा पूर्ण जामानिम्यानिशी माणूस बसला की मागची बाजू सुमारे शंभर मिलिमीटर खाली यायला हवी. आकडा बघून तो गप्प होतो. तुम्हीही गप्प राहा.

पायरी ८ : 'नको' म्हणायला शिका

धंद्यात सगळ्यात अवघड पायरी ही, कारण इथे आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं असतं.

काल लायसन्स मिळालेला मुलगा येईल आणि केएक्स ४५०ची चौकशी करेल. नको म्हणा. कोलारला जा, तिथली गाडी भाड्यानं घे, पाच-पन्नास वेळा पड आणि मग ये. साडेपाच फुटी माणूस एक्सपल्सची ८९१ मिलिमीटर उंचीच्या सीटची प्रो आवृत्ती मागेल. त्याला ८२५च्या साध्या गाडीवर बसवा आणि दोन्ही पाय टेकतात का ते त्याचं त्याला बघू द्या. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागणाऱ्याला बूट दाखवा. नवशिके पैसे खर्च करतात ते आवाजावर, स्टिकरवर आणि शेवटी उरलेच तर बुटांवर. क्रम उलटा हवा : आधी हेल्मेट, बूट आणि गुडघ्याचे गार्ड, मग गाडीसाठी बॅश प्लेट आणि हँडगार्ड, बाकी सगळं नंतर. घोटा एकदा मोडला की पुढचे दोन-तीन महिने सायलेन्सरचा आवाज फक्त शेजारी ऐकतात, तोही मेहुणा गाडी चालवत असेल तर.

नको म्हणालात की गिऱ्हाईक हिरमुसून जातो. जाऊ द्या. तो दुसऱ्या दुकानात जाईल, तिथे त्याला सगळ्याला 'हो' म्हणतील, आणि काही महिन्यांनी तो तुमच्याकडे येऊन विचारेल, 'ही गाडी विकायची झाली तर किती येतील?' त्यानंतर तो कुठेही जात नाही.

पायरी ८ (अ) : 'भाऊंसाठी का?' असं विचारू नका

एखादी मुलगी दुकानात आली आणि बुटांकडे वळली, तर भावासाठी, नवऱ्यासाठी, मित्रासाठी यांपैकी काहीही विचारू नका. बंगळुरूच्याच ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ साली एफआयएमचा बाहा वर्ल्ड कप महिला गटात जिंकला. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. तुमच्या दुकानात आलेली मुलगी जगज्जेती असेलच असं नाही, पण तिच्या मापाचे बूट आणि गार्ड तुमच्याकडे नसले तर तुमच्या दुकानातून ती होणारही नाही. लहान मापं ठेवा. पुरुषांची लहान मापं नव्हेत, बायकांची.

पायरी ९ : बाकडं टाका

दुकानाबाहेर एक लांब बाकडं हवं. कॉफीची सोय कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलातून, करा. 'बाय-टू' सांगितलं की एका कपाचे दोन होतात. तुमच्या नफ्याचं प्रमाणही साधारण तेवढंच असल्यामुळे हिशेब जुळतो.

या बाकड्यावर पायरी १ मधला तिसरा माणूस बसतो, ज्याच्याकडे गाडी नाही. त्याला सगळं ठाऊक असतं : कोण गाडी विकतोय, कोणाचा कॉलरबोन जोडला, कुठल्या शेतकऱ्यानं कुंपण घातलं, कोलारला पाऊस झाला की नाही. नवा मुलगा बिचकत येतो तेव्हा तुम्ही ऑइल बदलण्यात गुंतलेले असता. त्याच्याशी पहिली पंधरा मिनिटं हाच बोलतो. पगार न घेता काम करणारा असा विक्रेता शोधून सापडत नाही. त्याच्या कॉफीचे पैसे घेऊ नका.

बाकड्यावर रविवारी दुपारी उड्यांच्या उंच्या सांगितल्या जातात. तीन फुटांची उडी कॉफी येईपर्यंत पाच फुटांची होते आणि दुसरा कप येईपर्यंत आठ. मोजपट्टी दुकानात असली तरी बाहेर आणू नका.

पायरी १० : कायदा आणि कुंपण

डर्ट बाइक 'फक्त कोपऱ्यापर्यंत' नेतो म्हणणाऱ्याला छोट्या हत्तीवाल्याचा नंबर द्या. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे, आणि कोपऱ्यावर पोलीस उभा असतो.

एमएच-१२ची एक्सपल्स घेऊन आलेला गाववाला भेटला की आधी त्याला बसवा, पाणी द्या, आणि मग सांगा : गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि कर्नाटकचा आजीवन कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. पाणी आधी दिलेलं बरं.

हेसरघट्ट्याच्या माळाची चौकशी अजूनही होते, कारण शहराजवळ एवढं मोकळं गवत दुसरीकडे नाही. तिथे कोणालाही पाठवू नका. त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, आणि २०२४ साली तो भाग संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय झाला. मोकळी दिसणारी प्रत्येक जमीन कोणाची तरी असते. कुठल्या रानात कोणाला विचारून जायचं आणि नाचणीचं पीक उभं असताना कुठून वळसा घालायचा, याची वही दुकानात ठेवा. एका गिऱ्हाइकानं एका शेताचा बांध फोडला की पुढची पाच वर्षं सगळ्यांना वाट बंद होते, आणि शेतकऱ्याला त्याचं नाव आठवत नाही. टी-शर्टावरचं तुमच्या दुकानाचं आठवतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्रश्न : गाडी ओढ्यात बुडाली. काय करू?*
उत्तर : सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर टाका, फिल्टर बघा, ऑइल दुधाळ झालं असेल तर बदला. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. ओढ्यात फोनला रेंज नसते.

*प्रश्न : बॅटरीवरच्या गाड्या आल्या तर आपला धंदा बसेल का?*
उत्तर : बंगळुरूच्याच अल्ट्राव्हायोलेटनं २०२५ साली १२० किलोची शॉकवेव्ह दाखवली. तिला प्लग नाही, फिल्टर नाही, ऑइल नाही. पण ती पडते. खोकं भरलेलं ठेवा.

*प्रश्न : उधारी द्यावी का?*
उत्तर : शनिवारी रात्री द्यावी. सोमवारी देऊ नये.

*प्रश्न : नफा किती सुटतो?*
उत्तर : पुढचा प्रश्न.

*प्रश्न : दुकान काढतोय ते मुळात मला गाडी चालवायची हौस म्हणून. रविवारी दुकान उघडं ठेवायचं, तर मी चालवायची कधी?*
उत्तर : मंगळवारी. जाताना क्लचचा जादा लिव्हर आठवणीनं सोबत घ्या. मंगळवारी तुमचं दुकान बंद असतं.